गाडी गेली, नाव राहिले

जुन्या मोटारींच्या व्यवहारात गाडी आणि पैसा हातोहात फिरतो. नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव मात्र मागे रेंगाळते. विकणाऱ्याच्या मानेवरची टांगती तलवार आणि घेणाऱ्याच्या कर्जातील फसगत या दोन्हींचे मूळ या रेंगाळण्यात आहे. नियम झाले आहेत, आता त्यांच्या अंमलबजावणीची सुरुवात नागपूरने करायला हवी.

नागपुरात कामठी मार्गावरील ऑटोमोटिव्ह चौकापासून वर्धा मार्गापर्यंत कोठेही फेरफटका मारला, तर धुऊनपुसून चकचकीत केलेल्या जुन्या मोटारी रांगेने उभ्या दिसतात. पुढच्या काचेवर गाडीचे साल, 'फर्स्ट ओनर'ची ग्वाही आणि खाली ठळक अक्षरांत 'कर्जाची सोय उपलब्ध'. कोणे एके काळी जुनी गाडी ओळखीच्या मेकॅनिकच्या शब्दावर घेतली जाई. २००१ मध्ये मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' सुरू केली आणि या धंद्याला दालनाचे रूप आले. २०१५ नंतर इंटरनेटवरून घरबसल्या गाडीचा भाव सांगणाऱ्या कंपन्या आल्या. मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार आज अनेकदा अशीच, दुसऱ्याने वापरलेली आणि हप्त्यांवर घेतलेली असते. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. उलट, ज्यांना नवी गाडी परवडत नाही त्यांच्यासाठी हा बाजार उपकारकच आहे.

परंतु या व्यवहाराकडे बारकाईने पाहिले, तर त्यात तीन गोष्टींचा प्रवास एकाच वेळी सुरू झालेला दिसतो. गाडी एका तासात विक्रेत्याच्या अंगणात जाते. पैसा दोन-चार दिवसांत खात्यावर येतो. नाव मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या नोंदीत आठवडे, महिने, प्रसंगी वर्षे तेथेच राहते. ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, भावात पाच हजारांची घासाघीस करतो. आणि ज्या कागदावर सारे अवलंबून आहे, त्यावर 'नंतर होऊन जाईल' या आश्वासनावर विश्वास ठेवतो. 

दोन प्रसंग, एकच धडा

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला. तपासात जी पहिली बाब पुढे आली ती ही, की ती मोटार जुनी होती आणि अनेक हातांतून फिरलेली होती. तपास यंत्रणांना एकेका जुन्या मालकापर्यंत आणि विक्रेत्यापर्यंत माग काढत जावे लागले. ज्यांनी आपली गाडी कधीच विकून टाकली होती, अशांच्या दारात पोलीस उभे राहिले. त्यानंतर जुन्या गाड्यांचे विक्रेते नोंदी कशा ठेवतात, हा प्रश्न एकाएकी राष्ट्रीय सुरक्षेचा झाला.

इतका भीषण प्रसंग कोणाच्या वाट्याला येणे विरळाच. पण अपघात विरळा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. याचा अर्थ किती कठोर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात स्पष्ट केले. त्यातील गाडी २००७ मध्ये मूळ मालकाने विकली होती. पुढे ती एकापाठोपाठ एक हात बदलत गेली. मे २००९ मध्ये तिने अपघात केला, त्यात एका मुलाचा जीव गेला. त्या वेळी नोंद मात्र अद्याप पहिल्याच मालकाच्या नावे होती. उच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी शेवटच्या खरेदीदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवून नोंदीतील मालकावर टाकली. तत्त्व साधे होते : अपघातग्रस्ताने एकामागून एक झालेल्या खासगी विक्रीव्यवहारांचा शोध घेत हिंडायचे नाही; नोंदीत ज्याचे नाव, तो उत्तरदायी.

न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण गाडी विकून दोन वर्षे झालेल्या गृहस्थाच्या दृष्टीने पाहा. अपघाताची भरपाई हे टोक झाले. त्याच्या अलीकडे वाहतूक पोलिसांची ई-चलाने आहेत, विमा संपलेला असल्याचा दंड आहे, बंद न केलेल्या फास्टॅगमधून कापली जाणारी टोलची रक्कम आहे. गाडी समृद्धी महामार्गावर धावते दुसऱ्याची आणि संदेश येतो याच्या मोबाइलवर.

कायद्याने यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठीचे नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने सही करून दिलेले असतात. अडचण अशी, की ते बहुधा कोरेच सही केलेले असतात. घेणाऱ्याचे नाव रिकामे, तारीख रिकामी. हे कोरे कागद गाडीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि ज्या दिवशी कोणाला तरी सोयीचे वाटेल, त्या दिवशी भरले जातात.

विक्रेत्याचे गणित

विक्रेता असे का करतो? तो सरसकट लबाड असतो म्हणून नव्हे. जुन्या व्यवस्थेने त्याच्यापुढे पर्यायच विचित्र ठेवले होते. गाडी विकत घेऊन त्याने आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, तर शुल्क आणि वेळ जातोच. शिवाय 'फर्स्ट ओनर' गाडी कागदोपत्री 'सेकंड ओनर' होते आणि पुढच्या ग्राहकाला विकताना 'थर्ड'च्या पंगतीला जाते. मालकांची संख्या वाढली की भाव उतरतो. साहजिकच मूळ मालकाच्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि शेवटचा ग्राहक मिळाला की थेट त्याच्या नावावर करायची, ही रीत रुळली. 

त्यात भांडवलाचा प्रश्न असतो. समजा, एखाद्या विक्रेत्याकडे सरासरी ४ लाखांच्या २० गाड्या उभ्या आहेत. म्हणजे ८० लाख रुपये अडकले. १५ टक्के व्याजाने पैसा उचलला असेल, तर महिन्याला एक लाख रुपये केवळ व्याजाचे. प्रत्येक गाडी उभी राहिल्याबद्दल दरमहा ५ हजार रुपये खाते. म्हणून त्याला गाडी लवकर काढायची घाई असते, आणि गाडीवरील नफा तुटपुंजा पडला की कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्तसंस्थेकडून मिळणारी दलाली महत्त्वाची ठरते. कर्जाचा सल्ला देणारा माणूस त्या कर्जावर कमाई करणारा असतो, हे ग्राहकाने विसरता कामा नये.

या कोंडीवर उपाय निघाला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २२ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तिने 'नोंदणीकृत वाहनांचा अधिकृत विक्रेता' ही संकल्पना कायद्यात आणली. अशा विक्रेत्याने परिवहन खात्याकडून पाच वर्षांसाठी अधिकारपत्र घ्यायचे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात देताच नमुना २९-सी मध्ये तशी सूचना संकेतस्थळावरून परिवहन कार्यालयाला द्यायची. त्या क्षणापासून विक्रेता हा 'मानीव मालक' ठरतो. गाडीचे काही बरेवाईट झाले, तर जबाबदारी त्याची. 'मालकांची संख्या' मात्र वाढत नाही. बदल्यात त्याला नोंदणीचे नूतनीकरण, तंदुरुस्ती प्रमाणपत्र, ना हरकत प्रमाणपत्र आणि मालकी हस्तांतर यांसाठी स्वतः अर्ज करण्याची मुभा मिळते. ताब्यातील गाडी त्याने चाचणी, प्रदर्शन, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची आणि प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची.

नियम मोठा समंजस आहे. तो विक्रेत्याची खरी अडचण ओळखून ती सोडवतो, आणि त्याच वेळी विकणाऱ्या गृहस्थाला पहिल्याच दिवशी मोकळे करतो. शिवाय ज्या मंत्रालयाने तो केला, त्याची धुरा २०१४ पासून नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्याकडे आहे. असे असताना नागपुरात गाडी विकायला निघालेल्या माणसाला नमुना २९-सी हे नाव ठाऊक असू नये आणि विक्रेत्याने अजूनही कोऱ्या अर्जांवर सह्या मागाव्यात, याला काय म्हणावे? दिव्याखाली अंधार, एवढेच.

नऊ टक्क्यांचे सोळा टक्के

आता घेणाऱ्याकडे वळू. जुन्या गाडीचे कर्ज नव्या गाडीपेक्षा महाग असते, आणि त्याला कारणे आहेत. तारण ठेवलेल्या वस्तूचे मूल्य दरमहा घसरते, तिची नेमकी किंमत ठरवणे कठीण असते आणि कर्ज थकले तर गाडी विकून वसुली पुरी होण्याची खात्री नसते. म्हणून वित्तसंस्था गाडीच्या मूल्यांकनाच्या काही टक्केच कर्ज देतात आणि कर्ज फिटेपर्यंत गाडीचे वय किती होईल, हेही पाहतात. जुन्या वाहनाला कर्ज देणे हे मुळात अनिष्ट नव्हे. चेन्नईत १९७९ मध्ये सुरू झालेला श्रीराम समूहाचा वित्तव्यवसाय जुन्या ट्रकांना कर्ज देऊनच वाढला. बँका ज्या चालकाला दारात उभे करत नव्हत्या, तो त्यातून ट्रकचा मालक झाला. प्रश्न कर्ज महाग असण्याचा नाही, ते किती महाग आहे हे झाकले जाण्याचा आहे.

विक्रेत्याच्या टेबलावर दर सांगितला जातो तो बहुधा 'फ्लॅट'. नऊ टक्के फ्लॅट ऐकायला किती सोज्वळ वाटते! बँकेच्या कर्जाच्या आसपासच की. पण हिशेब करून पाहा. ४ लाखांचे कर्ज, ४ वर्षांची मुदत. फ्लॅट पद्धतीत व्याज मूळ रकमेवर चारही वर्षे आकारले जाते. वर्षाला ३६ हजार, चार वर्षांचे १ लाख ४४ हजार. एकूण ५ लाख ४४ हजार भागिले ४८, म्हणजे हप्ता ११ हजार ३३३ रुपये. हाच हप्ता घटत्या शिल्लक रकमेवरील व्याजाच्या पद्धतीने मांडला, तर दर निघतो जवळपास १६ टक्के. कारण साधे आहे. दोन वर्षांनंतर आपल्याकडे निम्म्याच्या आसपास मुद्दल उरलेले असते. व्याज मात्र आपण पूर्ण ४ लाखांवर देत असतो. घटत्या शिलकीवर १५ टक्के दर सांगणारी वित्तसंस्था महाग वाटते, पण तिचा हप्ता ११ हजार १३२ रुपयांच्या घरात येतो, म्हणजे नऊ टक्के 'फ्लॅट'पेक्षा कमीच.

एवढ्यावर भागत नाही. प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचे शुल्क, गाडीच्या मूल्यांकनाचे शुल्क आणि जोडीला कर्जदाराचा विमा हे सारे कर्जाच्या रकमेतून आधीच वळते केले जाते. समजा, यापोटी २२ हजार रुपये कापले गेले आणि प्रत्यक्षात ३ लाख ७८ हजारच पदरात पडले, हप्ता मात्र ४ लाखांचाच राहिला. तर खरा दर १९ टक्क्यांच्या पुढे जातो. नऊवर सुरू झालेला आकडा एकोणीसवर पोचला, तेव्हा ग्राहकाला वाटते की आपल्याला स्वस्तात गाडी मिळाली.

यावरही उपाय आहे, आणि तोही कागदावर आलेला आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ मुदत कर्जांना 'मुख्य तथ्य पत्रक' बंधनकारक केले. त्यात वार्षिक टक्केवारी दर द्यावा लागतो, आणि त्या दरात विम्यासारखे इतरांच्या वतीने वसूल केलेले आकारही धरावे लागतात. हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. म्हणजे ग्राहकाने विचारायचा प्रश्न एकच आहे : 'हप्ता किती?' नव्हे, 'पत्रकातील वार्षिक दर किती?' हप्ता मुदत लांबवून हवा तेवढा लहान करता येतो; वार्षिक दर लपवता येत नाही. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवून पाहिली, तर विक्रेत्याने सुचवलेले कर्ज खरोखर स्वस्त आहे की आपली बँक किंवा पतसंस्था, हे पाच मिनिटांत कळते.

बोजा उतरला का?

कर्ज आणि नाव यांची गाठ पडते ती तारणाच्या नोंदीत. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचे नाव असते. बोलीभाषेत त्याला 'एचपी' म्हणतात. कलम ५१ नुसार वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय अशा गाडीची मालकी दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कर्ज फिटले की वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन 'एचपी कॅन्सल' करून घ्यावी लागते. हप्ते संपले, पण नोंद तशीच राहिली, अशी उदाहरणे प्रत्येकाच्या ओळखीत सापडतील. गाडी विकायची वेळ आली की मग धावाधाव सुरू होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये याबाबत निर्देश दिले. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत चल-अचल मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा. वित्तसंस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे चालू कर्जाची गाडी. मूळ मालकाला हप्ते झेपत नाहीत. घेणारा म्हणतो, 'तुम्हाला रोख एवढे देतो, उरलेले हप्ते मी भरतो.' पूर्वी शंभर रुपयांच्या आणि ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा होतो, दोन साक्षीदार सह्या करतात आणि दोघांनाही वाटते की कायदेशीर व्यवहार झाला. प्रत्यक्षात वित्तसंस्थेला काहीच ठाऊक नसते. घेणाऱ्याने हप्ते थकवले, तर पत बिघडते मूळ मालकाची. घेणाऱ्याने इमाने हप्ते भरले, तरी गाडी त्याची होत नाही. मूळ मालकाची सही आणि वित्तसंस्थेचे पत्र मिळेपर्यंत तो अधांतरीच राहतो. 

अशा करारनाम्याची किंमत किती, हे छत्तीसगडमधील एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२० रोजी सांगितले. ट्रकच्या विक्रीचा करार २००८ मध्येच झाला होता. अपघात झाला २०११ मध्ये. विमा कंपनीचे म्हणणे असे, की करार झाला म्हणजे विमाधारक मालक उरला नाही, सबब भरपाई नाही. न्यायालयाने ते अमान्य केले. नोंद बदललेली नाही, कर्ज देणाऱ्या बँकेची संमती घेतलेली नाही. तेव्हा नोंदीतील मालक हाच मालक. त्या मालकाला या निकालाने भरपाई मिळाली, हे खरे. पण त्यातील दुसरी बाजूही ओळखायला हवी : करारनामा हातात असलेला खरेदीदार कायद्याच्या लेखी मालक नव्हता.

थकलेल्या कर्जापोटी ओढून आणलेल्या गाड्यांचाही मोठा ओघ या बाजारात येतो. वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी हिसकावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये बजावले आणि २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अशी गाडी घेणाऱ्याने ती वित्तसंस्थेच्या नावावर रीतसर आली आहे का, हे विचारलेच पाहिजे. त्यासाठी नमुना ३६ आहे. 

नागपूरला यात आणखी एक पदर आहे. शहरात एमएच-३१, एमएच-४९ आणि ग्रामीणसाठी एमएच-४० अशा तीन मालिका आहेत, आणि शहर देशाच्या मध्यावर आहे. इथली गाडी शिवनी, छिंदवाडा, बालाघाट किंवा राजनांदगावला सहज जाते, तिकडची इकडे येते. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची, तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, ना हरकत प्रमाणपत्र लागते, पथकर पुन्हा भरावा लागतो. तो वाचवण्यासाठी नोंद जुन्याच राज्यात ठेवण्याचा मोह होतो. नागपूरच्या निवृत्त शिक्षकाची गाडी मग सीमेपलीकडे कोण चालवतो, हे त्यालाही ठाऊक नसते.

कर, पूर आणि विमा

कराबाबत मध्यंतरी बराच गोंधळ उडाला. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत सर्व जुन्या वाहनांवर १८ टक्के कराची शिफारस झाली आणि 'माझी जुनी गाडी विकली तर मी कर द्यायचा?' अशी हाकाटी झाली. तसे नाही. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाला, आणि तोही केवळ नफ्याच्या रकमेवर आहे. विक्रेत्याने ४ लाखांना घेतलेली गाडी ४ लाख ६० हजारांना विकली, तर कर ६० हजारांवर, म्हणजे १० हजार ८०० रुपये. लहान गाडीवर आधीच्या १२ टक्के दराने तो ७ हजार २०० होता. आपसांत व्यवहार करणाऱ्या दोन सामान्य व्यक्तींना हा कर नाही. बाजाराला खरा धक्का बसला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवसापासून नव्या लहान गाड्यांवरील कर अधिभारासह २९ ते ३१ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, की जुनीचा भाव उतरणारच. ऑगस्टमध्ये चढ्या भावाने घेतलेला माल ज्यांच्याकडे उभा होता, त्यांना त्याची झळ बसली. ग्राहकासाठी अर्थ एवढाच, की २०२५ पूर्वीच्या भावांची तुलना आता उपयोगाची नाही. नव्या गाडीची आजची किंमत पाहूनच जुनीचा भाव करावा.

नागपूरकरांना आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी लागेल. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. हजारो घरे पाण्यात गेली, दारातल्या गाड्याही. पाण्यात बुडालेली गाडी रंगरंगोटी करून नवीसारखी दिसते. तिच्या विजेच्या तारा आणि संगणकीय भाग मात्र वर्ष-दोन वर्षांनी त्रास देऊ लागतात. म्हणून त्या भागातील, त्या काळातील गाडी घेताना विम्याच्या दाव्यांचा पूर्वेतिहास मागणे शहाणपणाचे. आसनांखालचे रूळ, सतरंजीखालचा पत्रा आणि सुटे चाक ठेवण्याची जागा पाहिली, तर गंज बरेच काही सांगून जातो.

विमाही नावाबरोबरच चालतो. कलम १५७ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मिळवण्यासाठी १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत तर गाडीची नसून व्यक्तीची असते. ती विकणाऱ्याकडेच राहते. विक्रेता 'विमा चालू आहे' म्हणतो ते खोटे नसते, पण तो चालू असतो दुसऱ्याच्या नावे.

काय व्हायला हवे?

या साऱ्याचे तात्पर्य एकच. नव्या कायद्याची गरज नाही. जे आहे ते एकमेकांना जोडण्याची गरज आहे. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली जबाबदारी परिवहन खात्याची. नागपुरातील तिन्ही कार्यालयांनी आपापल्या क्षेत्रातील अधिकृत विक्रेत्यांची यादी दर्शनी भागात आणि संकेतस्थळावर लावावी. ज्याच्याकडे अधिकारपत्र नाही, त्याने दहा-वीस गाड्या मांडून बसू नये, हे सांगण्याचे धैर्य खात्याने दाखवावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांच्या क्रमांकपाट्या बदलण्यासाठी राज्याने २०२५ मध्ये जेवढा खटाटोप केला आणि जितक्या वेळा मुदतवाढ दिली, त्याच्या निम्मा जरी या कामी लावला तरी पुष्कळ होईल. सुरक्षित क्रमांकपाटी चुकीच्या माणसाच्या नावे असेल, तर ती पाटी सुरक्षित कसली?

दुसरी जबाबदारी वित्तसंस्थांची, आणि ती सर्वांत परिणामकारक ठरू शकते. गाडीचे पैसे शेवटी त्यांच्याच हातून जातात. काही संस्था विक्रेत्याला द्यायच्या रकमेचा काही भाग नाव बदलेपर्यंत राखून ठेवतात. हीच रीत सर्वांनी पाळली आणि नमुना २९-सी ची पावती असल्याखेरीज कर्जाचा धनादेश निघणार नाही असे ठरवले, तर कोरे अर्ज आपोआप बाद होतील. यात वित्तसंस्थेचाही स्वार्थ आहे. नाव न बदललेल्या गाडीवरील तारण म्हणजे वाऱ्यावरची वरात.

तिसरी जबाबदारी आपली. गाडी विकताना कोऱ्या अर्जावर सही करू नये, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ नोंदलेली पावती घ्यावी, फास्टॅग बंद करावा आणि महिनाभराने नोंदीत नाव बदलले का हे मोबाइलवर स्वतः तपासावे. घेताना आधी बोजा, प्रलंबित चलाने आणि विमा पाहावा, मग इंजिन. फसवणूक झालीच, तर ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पण तेथे भाषण चालत नाही, कागद चालतो.

मोटार ही आपल्याकडे आजही केवळ वाहन नसते. ती कुटुंबाच्या कष्टाची कमाई असते. ती विकताना डोळ्यांत पाणी येणारे गृहस्थ आहेत आणि जुनी घेतानाही नारळ फोडणारी कुटुंबे आहेत. दोघांनाही एकच हमी हवी असते : गाडी ज्याची, नाव त्याचे. नियम करणाऱ्या मंत्र्याच्या शहराने ही हमी देशात सर्वांत आधी द्यायला हवी. तोवर किल्ली देताना नमुना २९-सी ची पावती मागायला कोणी विसरू नये.